शून्य लाकडाचं गाव

दुधाची पिशवी घ्यायला अमरनाथने दार उघडलं, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती आणि पिशवी तिच्या मांडीवर होती. मांजर तोंड लावत होतं म्हणून उचलून धरली, असं तिने न विचारताच सांगितलं. थंडीने तिचं नाक लाल झालं होतं, शाल दोन्ही कानांवर आवळलेली होती, आणि ज्या निवांतपणे ती बसली होती त्यावरून ती लवकर उठेल असं काही वाटत नव्हतं. अमरनाथच्या डोक्यात पहाटेपासून आजचं सादरीकरण घोळत होतं. आज जिल्हा परिषदेच्या सभागृहात त्याला एका गावाचा शाश्वत विकास आराखडा मांडायचा होता, समितीने तो उचलला तर गावाला मोठा निधी, आणि नाही उचलला तर त्याच्या संस्थेने दोन वर्षं भुई धोपटली असं म्हणायचं. अशा सकाळी दारात कोण बसलंय हे ओळखायला त्याला वेळ लागला. माणसं जिथं पाहिलेली असतात तिथंच ओळखू येतात. भूमच्या डोंगराकडेला पत्र्याच्या घरासमोर पाहिलेली बाई धाराशिवच्या अपार्टमेंटमध्ये कुणीही वाटू शकते. मग तिने मान वर केली आणि तो चरकला. ही धुरपदाबाई. लिंबाच्यावाडीची, तिथल्या सरपंचाची, कोंडीरामची चुलती. आणि आजचा आराखडा लिंबाच्यावाडीचाच होता.

“सायेब,” ती म्हणाली, “माझं सरण कुठंय?”

इतक्या वर्षांच्या कामात लोकांनी त्याला काय काय विचारलं होतं. टँकर कधी येणार, विहिरीचा हप्ता कधी पडणार, चौकातला सौर दिवा बंद पडलाय तो कोण दुरुस्त करणार. एकाने तर रुसून गेलेली बायको माहेराहून कधी येईल तेही विचारलं होतं. पण सरण कुठं आहे हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला आजचाच मुहूर्त सापडला म्हणून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला पत्ता दिला कुणी? मग आठवलं, त्यानेच दिला होता. शेवटच्या ग्रामसभेत टाळ्या पडल्यावर भावनेच्या भरात तो म्हणाला होता की काही अडचण आली तर धाराशिवला माझं घर तुमचंच समजा. असं बोलायचं असतं. त्यावर कुणी येत नसतं. ही पहाटेच्या एसटीने आली होती, रिक्षावाल्याला नाव विचारत विचारत आली होती, आणि आता त्याच्याकडे अशी बघत होती की जणू धुवायला दिलेले कपडे परत न्यायला आली आहे. मावशी, संध्याकाळी बोलू, आज माझी फार महत्त्वाची बैठक आहे, असं तो म्हणाला. बसते की, ती म्हणाली, आणि खरोखरच नीट मांडी घालून बसली.

आतून आईने विचारलं, कोण आहे. पार्वतम्मा उमरग्याकडची, घरात निम्मं कानडी बोलणारी, आणि दारात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय कामाचं विचारू नये या एकाच कायद्यावर तिने ऐंशी वर्षं काढली होती. “कुंदर्री, कुंदर्री,” म्हणत तिने धुरपदाबाईला सोफा दाखवला. धुरपदाबाई खाली बसली, म्हणून आईही गुडघे धरत खाली बसली, आणि घरातला सोफा अमरनाथसाठी उरला. त्याची बायको उमादेवी सकाळच्या शाळेवर गेलेली होती, नाहीतर तिने हे प्रकरण दारातच निस्तरलं असतं. आईने चहा टाकला, फ्रिजमधून खव्याचा डबा काढला, साखर मिसळून दोन वाट्या भरल्या. हा खवा चार दिवसांपूर्वी कोंडीरामने पाठवला होता, भट्ट्या बंद झाल्या, हा शेवटचा घाणा, साहेबांना गोड म्हणून. धुरपदाबाईने एक घास तोंडात टाकला, डोळे मिटून जिभेवर फिरवला.

“कोंड्याच्या भट्टीचा हाय,” ती म्हणाली. “चांगला उतरलाय. माझ्याच लाकडावर झालाय न्हवं.”

आणि तिने वाटी पुढं केली. आईने अजून वाढला. अमरनाथच्या हातातला चमचा मात्र तसाच राहिला, कारण आता कुठं त्याला नेमकं काय झालंय ते समजायला लागलं. लिंबाच्यावाडीत दारोदार म्हशी आणि गल्लोगल्ली खव्याच्या भट्ट्या. पहाटे दूध कढईत पडतं, माणूस लांब दांड्याच्या उलथण्याने ते हलवत राहतो, दुपारी खवा पाट्यांत भरून गाडीत चढतो आणि पुण्या-हैदराबादच्या हलवायांकडे पोचतो. गावाची चूल त्यावर पेटते. पण कढयांखाली गावचा डोंगर जळून गेला होता, बाभळी संपल्या, धावडे संपले, मग शेजारच्या तालुक्यातून ट्रॅक्टरने लाकूड यायला लागलं, आणि भट्टीपाशी बसणाऱ्या बायांचे खोकले पावसाळ्यातही थांबेनात. पुण्याहून कृष्णराज, त्यांच्या संस्थेचा प्रमुख, पहिल्यांदा आला तेव्हा त्याने फळ्यावर तीन वर्तुळं काढली होती, एक पर्यावरणाचं, एक अर्थकारणाचं, एक समाजाचं, आणि ती जिथं एकमेकांवर येतात त्या मधल्या इवल्याशा जागेवर खडू आपटून तो म्हणाला होता, आपल्याला इथं पोचायचंय. अमरनाथला तेव्हाच शंका आली होती की त्या जागेत एक म्हैस उभी राहायची नाही, गाव कुठलं. तरी दोन वर्षं तो झटला. भट्ट्या बंद करून सौर विजेवर चालणारं सामाईक खवा केंद्र, प्रत्येक भट्टीवाल्याला त्यात वाटा, घरोघरी गॅस, डोंगरावर कुऱ्हाडबंदी. सगळ्यांना पटवता पटवता त्याचा घसा बसला, पण पटलं. कृष्णराजने त्याला नाव दिलं, शून्य लाकडाचं गाव. आणि गेल्या आठवड्यात पाहणी पथक येणार म्हटल्यावर अमरनाथनेच कोंडीरामला फोनवर बजावलं होतं की गावात एक काटकी दिसता कामा नये. कोंडीराम शब्दाचा पक्का. त्याने घरोघरचे लाकडाचे ढीग ट्रॉलीत भरले आणि शेवटच्या घाण्याला भट्टीत घातले. त्यात चुलतीच्या घरामागचा ढीगही गेला. तिच्याकडे गॅस होता, तेव्हा नियमाने ते लाकूड जादाच होतं.

फक्त ते जळण नव्हतं. धुरपदाबाई शांतपणे सांगत होती आणि आई मान हलवत होती, आणि अमरनाथला घड्याळ बघायचीही चोरी झाली होती. तिचा नवरा दगडोबा गेला तो ऐन झडीत. तेव्हाही लाकूड गावात होतं, पण भट्ट्यांच्या शेडमध्ये, आणि हंगाम खव्याचा होता, सणावाराचे दिवस, कुणी चांगलं लाकूड सोडायला तयार नव्हतं. जे मिळालं ते ओलं. मग कुणीतरी ट्रॅक्टरचे जुने टायर आणले, कुणी डिझेल ओतलं, काळा धूर गावावर बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी राख सावडायला गेलेली माणसं खाली मान घालून परत आली. काय दिसलं ते तिला कुणी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. त्यानंतर तिने स्वतःच्या बांधावरच्या लिंबाचा एकेक वाळका फाटा, वादळात पडलेली बाभूळ, असं जमवत जमवत घरामागं स्वतःचं सरण रचून ठेवलं. खाली विटा, वर पत्रा. पावसाळ्याआधी ती पत्रा उचलून बघायची, वाळवी लागली नाही ना. मूलबाळ नाही. जे करायचं ते पुतण्याने करायचं, आणि पुतण्या हिशोबी. म्या काय मागत न्हाय कुनाला, असं ती दोनतीनदा म्हणाली, आणि त्यात कीव यावी असं काही नव्हतं, उलट जरा ऐटच होती.

चहा गार होत होता आणि अमरनाथला स्वतःच्या डोक्याची कमाल वाटत होती. लाकूड कुठं कुठं लागतं याची पाहणी त्यानेच आखली होती. भट्टी, चूल, पाणी तापवणं, वीटभट्टी, गोठ्याचं कूड, जत्रेतला महाप्रसाद, अगदी हुरड्याची आगटीसुद्धा त्याने सोडली नव्हती. कृष्णराज कौतुकाने म्हणाला होता की तुझी नजर बारीक आहे. आणि माणूस मेल्यावर लाकूड लागतं हे त्याला सुचलं नाही. सुचणार कसं? त्याच्या लिंगायत घरात माणूस मेला की बसतो. वडील, आप्पा, गेले तेव्हा त्यांना असंच बसवलं होतं, मांडी घालून, भिंतीला टेकवून, कपाळभर विभूती, आणि माणसं येऊन पाया पडत होती तेव्हा आप्पा नेहमीसारखेच, आलेल्यांचं ऐकून घेत बसल्यासारखे दिसत होते. मग बसलेल्या आप्पांना मिरवत रानात नेलं, खड्ड्यात बसवलं, हातात लिंग दिलं, विभूतीच्या गोण्या, मीठ, बेलाची पानं, आणि वर माती. एक काडी लागली नव्हती. लहानपणापासून तो शेजाऱ्यांच्या मयतीला जात आला होता, चिता पेटताना लांब उभा राहिला होता, पण ते लाकूड कुठून येतं, कोण देतं, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. तो त्यांच्या घरचा मामला होता. आणि ज्यांच्या घरचा मामला होता ते लिंबाच्यावाडीचे लोक तरी काय करत होते? अख्खं गाव मयत जाळणाऱ्यांचं. एकाने तोंड उघडलं नाही. त्याने तसं चिडून विचारलंच. तेव्हा कळलं की धुरपदाबाई ग्रामसभेत उठली होती. माझ्या सरणाचं काय, एवढं म्हणाली, आणि शेजारच्या बायांनी पदर धरून तिला खाली बसवलं होतं, कारण नुकताच नारळ फुटला होता, गावाचं चांगलं चाललं होतं, अशा वेळी कुणी मयतीचं बोलतं का? अमरनाथला ते आठवतही होतं. मागं बायांत काहीतरी गलका झाला होता आणि त्याने माइकवरून शांतता राखायला सांगितलं होतं.

चिडावं तरी कुणावर, हेच कळेना, म्हणून तो आईवर चिडला. खवा किती वाढतेस, असं काहीतरी म्हणाला. आईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती केव्हापासून काहीतरी मनात जुळवत होती. आमच्या रानात आमच्या यजमानांशेजारी माझी जागा धरलेली आहे, ती धुरपदाबाईला म्हणाली, अजून एक बसेल एवढी ती मोठी आहे. या तुम्ही. लाकूड नको, डिझेल नको, कटकट नको. लग्नाला चला म्हणावं इतक्या सहज तिने हे म्हटलं. धुरपदाबाईने तिच्याकडे पाहिलं, पार घाबरून.

“मातीत व्हय?” ती म्हणाली. “न्हाय बाई. मला अंधाराचं भ्या वाटतं. आन् बसून ऱ्हायचं किती दिस? आमी सुटतो तरी.”

“जळायचं भ्या न्हाय वाटत?” आईने विचारलं.

“कोरडं लाकूड असल्यावर कशाचं भ्या.”

दोघींनी मनातल्या मनात एकमेकींची कीव केली. तेवढ्यात कृष्णराजचा फोन आला. तो रात्रीच शासकीय विश्रामगृहात उतरला होता आणि उत्साहात होता. समितीचे अध्यक्ष मुंबईहून आलेत, निवृत्त सचिव, आकड्यांना भाळणारा माणूस, तेव्हा तू बाकीचं पटापट उरक आणि शून्यावर थांब, असं तो सांगत होता. बाकी गावं पाच टक्के कमी, दहा टक्के कमी असलं रडगाणं आणणार, आपण एकटेच शून्य. अमरनाथने एक अडचण आहे म्हणून सांगायला सुरुवात केली. पलीकडून कृष्णराज म्हणाला, आज अडचण नको. आणि फोन ठेवला. धुरपदाबाई उभी राहून शाल नीट करत होती. म्या येते, ती म्हणाली, न्हायतर तुमी तिकडनं तिकडंच जाल. तेही खोटं नव्हतं. त्याचा तसाच बेत होता.

स्कूटरवर ती मागं एका बाजूला बसली आणि त्याच्या पट्ट्यात तिने दोन बोटं अडकवली. थंड वारा तोंडावर घेत तो जात होता आणि मनातल्या मनात भांडत होता. कृष्णराजशी, कोंडीरामशी, वर्तुळांशी. एका माणसाच्या सरणाला लाकूड लागून लागून किती लागणार? डोंगर काय मयतींनी बोडका केला होता? केला होता तो पेढ्यांनी. म्हणजे हिचं लाकूड चूक नव्हतंच. पण मग शून्य कसं म्हणायचं? आणि शून्य नाही म्हटलं तर उद्या प्रत्येक घरामागं सरणाच्या नावाने ढीग लागेल, कोंडीरामच पहिला लावेल, आणि तो ढीग भट्टीत जाईल, गाव पुन्हा धुरात बसेल. त्याने गावाला ओळखलं होतं. गाव वाईट नव्हतं, गाव गावासारखं होतं. आणि या बाईला कसंही जाळलं तर? टायर घालून? तेही गावच करेल, हेही त्याने ओळखलं होतं. त्याला प्रचंड वैताग आला. आयुष्यभर तो ज्या समतोलाच्या गप्पा मारत आला तो असा पट्ट्याला लटकून मागं बसेल असं त्याला वाटलं नव्हतं. हळू चालवा सायेब, मागून आवाज आला, आज पडून चालायचं न्हाय.

सभागृहाच्या व्हरांड्यात कोंडीराम उभाच होता, पांढरा कडक सदरा, गळ्यात उपरणं, सोबत गावचे दोघंतिघं. चुलतीला स्कूटरवरून उतरताना पाहून त्याचा चेहरा पडला, मग रागावला, मग पाहुणे बघतायत म्हणून हसरा झाला. अमरनाथने त्याला खांबामागं घेतलं आणि दबक्या आवाजात झापलं. म्हातारीचं सरण होतं ते, तुला माहीत नव्हतं? माहीत होतं, कोंडीराम म्हणाला. लाजला नाही.

“ती काय आज मरती व्हय? आन् मेली तर आमी हाव की. काय उघड्यावर टाकू?”

“दगडोबाला कसं जाळलंत ते सांगितलं तिने.”

“तवा पाऊस व्हता,” कोंडीराम म्हणाला, आणि जरा थांबून अमरनाथच्या डोळ्यांत बघत म्हणाला, “आन् सायेब, एक काटकी दिसाया नको, हे कोन म्हनलं व्हतं? मला बोलून काय उपेग. म्या तिचा ढीग ठिवला असता, तर लोकांनी आपापले ठिवले असते. दोन सालं काढली या कामात. तीन म्हशी हायेत माझ्या. भट्टी आधीच पाडून टाकलीय.”

अमरनाथ खांबामागून बाहेर आला. धुरपदाबाई बाकावर बसून पिशवीतली भाकरी सोडत होती. पुतण्याने तिला पाणी आणून दिलं आणि पाया पडला, कारण लोक बघत होते, आणि कदाचित नुसतंच तेवढं कारण नसेलही. मग सगळे आत गेले.

आधीच्या गावांचं लांबत गेलं. कुणी बांधबंदिस्ती दाखवली, कुणी शेळीपालन, प्रत्येकाच्या पडद्यावर तीच तीन वर्तुळं, रंग फक्त वेगळे. अमरनाथचा नंबर आला तेव्हा तो ठरल्याप्रमाणे बोलला, पटापट, आणि शून्यावर थांबला. अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं की शून्य म्हणता, म्हणजे खरोखर शून्य? कशालाच नाही? अमरनाथने खिडकीकडे पाहिलं. काचेपलीकडे व्हरांड्यात धुरपदाबाई भाकरी खाऊन हात झटकत होती. पहिल्या रांगेत कृष्णराज आवाज न काढता नुसत्या ओठांनी शून्य म्हणत होता. मागं कोंडीराम दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, शाळेत तोंडी परीक्षेला बसवल्यासारखा, आणि त्याच्या शेजारी गावच्या दोन बाया, एकीच्या तोंडाला पदर, खोकला दाबायला. एका म्हातारीच्या सरणावर अख्ख्या गावाचं गणित अडलं होतं आणि दोन्ही बाजू खऱ्या होत्या. एक जरी खोटी असती तरी त्याला इतका संताप आला नसता. सरळ सांगावं, की साहेब, माणसं मरतात, त्याचं आम्ही धरलंच नाही? मग हा आराखडा दुरुस्तीला जाणार, दुरुस्तीला गेलेलं काही परत येत नाही, आणि निधी शेळ्यांवाल्यांना. त्याने घसा साफ केला.

“गावात शून्य,” तो म्हणाला.

गावात या शब्दावर त्याने जो जोर दिला तो कुणाच्या लक्षात आला नाही. अध्यक्षांनी शून्य लिहून घेतलं. टाळ्या झाल्या. निकाल तिथंच सांगितला, लिंबाचीवाडी पहिली, आणि कोंडीरामने त्याला मिठी मारली तेव्हा त्याच्या सदऱ्याला अजून भट्टीच्या धुराचा वास येत होता. कृष्णराज जेवायला चल म्हणाला. अमरनाथ म्हणाला, मला लाकूड घ्यायचंय. कृष्णराजला तो विनोद वाटला आणि तो मोठ्याने हसला.

सांजा रोडच्या वखारीत ढिगांमधून धुरपदाबाई एखाद्या बाजारकरणीसारखी फिरली. काठीने ठोकून आवाज ऐकायची, नखाने साल उकरायची, ओलं, हे पण ओलं, असं म्हणत पुढं जायची. जुन्या दाराच्या चौकटी तिने बाजूला काढायला लावल्या, खिळे असतात आणि दुसऱ्याच्या घराचं दार माझ्या अंगावर कशाला, म्हणून. खाली घालायला जाड ओंडके, मग लिंब, मग वर बारीक. एवढं नेमकं मागताहेत म्हटल्यावर वखारवाल्याने ओळखलं. त्याने विडी विझवली, टोपी काढली, आणि हलक्या आवाजात अमरनाथला विचारलं की मयत कुठली. उत्तर धुरपदाबाईने दिलं.

“लिंबाच्यावाडीची.”

“कधी झाली?”

“व्हायचीय अजून,” ती म्हणाली. “म्याच हाय. तो लिंबाचा फाटा घ्या, त्यो न्हाय, पल्याडला.”

वखारवाल्याने टोपी परत घातली. सरणाचा भाव कुणी करत नाही, विकणाराही नाही आणि घेणाराही नाही, तसा रिवाज आहे, पण गिऱ्हाईक जिवंत समोर उभं असल्यावर काय करायचं हे रिवाजात नव्हतं. तिने मात्र घासाघीस केली, चांगली तासभर, वखारवाला शेवटी हात जोडून हसला, आणि अमरनाथ एका ओंडक्यावर बसून हे सगळं बघत राहिला. पैसे तो देतो म्हणाला तर तिने देऊ दिले. लाकूड तुम्हीच नेलं होतं, ती म्हणाली, त्यात काय. उपकार वाटून घ्यायची तिला बिलकूल गरज वाटली नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्यालाही त्यामुळे बरं वाटलं, दिवसभरात पहिल्यांदा.

लाकूड गावात नेता येणार नव्हतं. गावात शून्य होतं. हे त्याने तिला समजावून सांगितलं, घसा बसेस्तोवर, केंद्र, निधी, समिती, आणि तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं की मग ठेवायचं कुठं. छोट्या टेम्पोतून ते अपार्टमेंटमध्ये आलं. स्कूटर लावायची त्याची जागा होती, खांबाला लागून, वरून छप्पर असलेली. स्कूटर बाहेर उन्हात गेली आणि तिथं विटा मांडून सरण रचलं गेलं. धुरपदाबाई खुर्चीवर बसून हे इकडं, ते तिकडं करत होती, आई गॅलरीतून वाकून बघत होती. सोसायटीचे सेक्रेटरी आण्णासाहेब पायजम्यात खाली आले आणि हा काय प्रकार म्हणून विचारायला लागले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तीर्थ शिंपडून इमारत रिकामी केली असती. अमरनाथ म्हणाला, हुरड्यासाठी आणलंय. आण्णासाहेबांचा चेहरा एकदम खुलला. अरे वा, ते म्हणाले, मग सगळ्यांना बोलवा बरं का, आणि त्यांनी स्वतः एक ओंडका सरळ केला. आता एका हुरड्याचीही तजवीज करावी लागणार होती, वेगळ्या लाकडावर. अमरनाथने कपाळाला हात लावला.

ऊन कलल्यावर तो तिला स्टँडवर घेऊन गेला. भूमची गाडी लागलेली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेऊन ती बसली आणि खिडकीची काच सरकवून त्याला सूचना देऊ लागली. वाळवीवर नजर ठेवा. पावसाळ्यात वरून प्लास्टिक टाका, पण हवा खेळू द्या. फोन आला की उशीर करू नका, कोंड्या टायर काढील. टेम्पोवाला आधीच सांगून ठेवा. व्हय म्हणत, मान हलवत तो खाली उभा होता. आपण एका बाईच्या मयतीची जबाबदारी घेतली आहे, आणि ती हिशोबात कुठंच नाही, ना समाजाच्या वर्तुळात ना पर्यावरणाच्या, हे त्याला दिवसभराच्या दगदगीनंतर स्पष्ट दिसत होतं, आणि त्याबद्दल चिडायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. कंडक्टरने घंटी मारली. गाडीचं इंजिन सुरू झालं, तशी ती पुन्हा खिडकीतून वाकली, काहीतरी राहिल्यासारखी.

“आन् सायेब,” ती म्हणाली, “तुमी माझ्या आधी गेला तर?”

तो हसायला गेला. बावन्न वर्षांचा होता तो, ती पंचाहत्तरीची. पण ती गंमत करत नव्हती. जसं वाळवीचं विचारलं तसंच हे विचारत होती. “कुनाला तरी सांगून ठिवा,” ती म्हणाली. “ध्यानात ठिवील असा माणूस बघा.”

सांगतो, तो म्हणाला. गाडी मागं सरकली, वळली, धूर सोडत फाटकातून बाहेर पडली. उमादेवी पहिल्यांदा ते लाकूड हलवायला लावेल. मुलगा श्रीनाथ बंगळुरात, त्याला लिंबाचीवाडी नकाशावर दाखवावी लागेल. कृष्णराज हसेल. आईला सांगितलं तर ती लगेच हो म्हणेल, पण ती ऐंशीची. कोंडीराम तर नाहीच. अमरनाथ स्टँडच्या कडेला उभा राहून एकेक माणूस डोळ्यांपुढं आणत होता, आणि पुढची गाडी लागायला आली तरी, हॉर्न वाजवून ड्रायव्हर त्याला बाजूला हो म्हणत होता तरी, त्याला कुणाचं नाव सुचत नव्हतं.